केबलच्या बिलासाठी सिटी काउन्सिलसमोर तीन मिनिटं

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या आपल्या कित्येक लोकांना हे माहीतच नसतं की इथे एक काळ असा होता जेव्हा केबल टीव्हीचा दर तुमच्या गावची सिटी काउन्सिल, म्हणजे नगरपालिका, कंपनीला कमी करायला लावू शकत होती. म्हणजे बेसिक पॅकेजचा दर, बॉक्सचं आणि रिमोटचं भाडं, घरी माणूस पाठवून कनेक्शन द्यायचा चार्ज, हे सगळं वाढवायचं असेल तर कंपनीला आधी सिटीकडे फॉर्म भरून हिशोब दाखवावा लागायचा आणि सिटी सरळ म्हणू शकत होती की हा आकडा आम्हाला पटत नाही, परत करून आणा. मी हे सगळं जवळून बघितलंय, त्यात उभं राहून बोललोय, आणि आता ते जवळपास संपलंय म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

१९९९ ची गोष्ट. आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियातल्या एका मध्यम आकाराच्या गावात भाड्याने राहत होतो. गाव टेकड्यांच्या मधे, त्यामुळे अँटेनावर धड काही दिसायचं नाही, निम्म्या चॅनेलवर नुसत्या मुंग्या. मुळात अमेरिकेत केबल सुरू झाली तीच अशा गावांसाठी, १९४८ च्या आसपास, डोंगराआडच्या गावात उंचावर एक मोठी अँटेना लावायची आणि तिथून घरोघर वायर टाकायची. तर आमच्याकडे केबल घेतल्याशिवाय साध्या बातम्यासुद्धा नव्हत्या, आणि कंपनी एकच. दुसरी का नाही, तर वायर गावच्या रस्त्यांखालून आणि खांबांवरून न्यायची, त्यासाठी तेव्हा सिटीची परवानगी लागायची, तिला फ्रँचाइज म्हणतात, त्या बदल्यात कंपनी सिटीला आपल्या केबलच्या उत्पन्नातला जास्तीत जास्त ५ टक्के हिस्सा द्यायची. कागदावर दुसरी कंपनी येऊ शकत होती पण पुन्हा सगळ्या गावभर वायर कोण टाकणार, त्यामुळे आलीच नाही.

त्या उन्हाळ्यात बिल वाढल्याचं पत्र आलं. ऑफिसातले सगळे जण म्हणाले अरे दरवर्षी वाढतं, सोड. पण मला बिल पूर्ण वाचायची सवय आहे, घरी वडील लाइटचं बिलसुद्धा पेन घेऊन वाचायचे, त्यांच्याकडून आलेली. तर बिलाच्या मागे अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की आमची फ्रँचाइजिंग अथॉरिटी म्हणजे अमुक सिटी, पत्ता हा, फोन हा. हे कंपनीने आपणहून मोठ्या मनाने छापलेलं नसतं, फेडरल नियमच तसा होता, दर महिन्याच्या बिलावर सिटीचं नाव, पत्ता, फोन द्यायचाच. मी फोन लावला. सिटी क्लार्कच्या ऑफिसातल्या बाईंनी मला फायनान्सकडे जोडून दिलं आणि तिथल्या बाई म्हणाल्या, हो, कंपनीने फॉर्म १२४० आणि १२०५ दिलेत, त्यावर जनसुनावणी होणार आहे, तुम्हाला बघायचे असतील तर या.

मला खरंच विश्वास बसला नाही. एका खासगी कंपनीचा हिशोब आणि मी, ज्याच्याकडे अजून ग्रीन कार्डसुद्धा नव्हतं, तो जाऊन बघू शकतो? पण कॅलिफोर्नियाचा पब्लिक रेकॉर्ड्स कायदा आहे १९६८ पासूनचा, त्यात नागरिक आहे का, मतदार आहे का असलं कुणी विचारत नाही. एक साधा अर्ज लिहून दिला, झेरॉक्सचे पैसे भरले आणि जाडजूड गठ्ठा घेऊन घरी आलो.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. १९८४ च्या केबल कायद्याने दरावरचं नियंत्रण काढायचं ठरवलं आणि १९८६ संपता संपता बहुतेक गावांच्या हातातून दर सुटले, मग ते असे भराभर वाढले की लोक वैतागले, खासदारांकडे पत्रांचे ढीग. म्हणून १९९२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नवीन कायदा केला, थोरल्या बुश यांनी त्यावर व्हेटो वापरला आणि ५ ऑक्टोबर १९९२ ला दोन्ही सभागृहांनी तो व्हेटो फिरवला. बुश यांच्या अख्ख्या कारकिर्दीत फिरवला गेलेला हा एकमेव व्हेटो, यावरून लोक केबलच्या बिलावर किती चिडलेले होते ते कळतं. त्या कायद्याने कामाची वाटणी केली. बेसिक पॅकेज, म्हणजे लोकल स्टेशनं आणि गावातल्या लोकांचे कार्यक्रम दाखवणारे गावाचे पब्लिक अ‍ॅक्सेस चॅनेल, त्याचा दर आणि बॉक्सबिक्स हे सिटीकडे, अर्थात सिटीने एफसीसीकडून, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाकडून, त्यासाठीचं सर्टिफिकेट घेतलं असेल तर. त्याच्या वरचं पॅकेज, जिथे स्पोर्ट्स, सिनेमे, न्यूज चॅनेल असतात, ते एफसीसीकडे आणि तेही तक्रार आली तरच. १९९३-९४ मध्ये एफसीसीने आधी १० टक्के आणि नंतर एकूण १७ टक्क्यांपर्यंत दर खाली आणायला लावले होते. पण १९९६ च्या टेलिकॉम कायद्यात असं लिहून ठेवलं की वरच्या पॅकेजवरचं नियंत्रण ३१ मार्च १९९९ ला संपेल. आणि ते संपून काहीच महिने झाले होते तेव्हा आमचं हे पत्र आलं.

गठ्ठा वाचायला बसलो. मी अकाउंटंट नाही, पण फॉर्ममध्ये बेरजा-वजाबाक्याच असतात, चिकाटी लागते फक्त. फॉर्म १२४० मध्ये कंपनी सांगते की मागच्या वर्षी आम्ही खर्चाचा अंदाज इतका धरला होता, प्रत्यक्षात इतका झाला, फरक पुढच्या वर्षी लोकांकडून वसूल करणार किंवा त्यांना देणार, आणि पुढच्या वर्षी महागाई इतकी, चॅनेलवाल्यांना द्यायचे पैसे इतके, कॉपीराइट फी इतकी. फॉर्म १२०५ मध्ये बॉक्स आणि कनेक्शनचा हिशोब. त्यात नियम फार चांगला होता, की बॉक्सचं भाडं प्रत्यक्ष खर्चावरच लावायचं, वर ११.२५ टक्के परतावा धरायचा आणि बस. गाड्या किती, हत्यारं किती, कामगारांचा पगार किती, त्यावरून एका तासाचा दर काढायचा आणि एका कनेक्शनला सरासरी किती तास लागतात त्याने गुणायचं. हे वाचताना मला पहिल्यांदा कळलं की आपण जे तीन-चार डॉलर निमूटपणे भरतो त्याच्या मागे कुणीतरी कुठेतरी गाडीच्या पेट्रोलपासून सगळं लिहून देतंय, आणि त्याला प्रश्न विचारायचा हक्क माझ्या गावाला आहे.

माझी पहिली शंका बॉक्सवर होती. आमच्या घरातला बॉक्स इतका जुना की त्याची किंमत कधीच वसूल झाली असणार, मग भाडं का वाढतंय? सिटीने एक कन्सल्टंट नेमला होता, अशी छोटी ऑफिसं होती तेव्हा जी बऱ्याच गावांचे हे फॉर्म तपासून द्यायची, त्याने फोनवर शांतपणे समजावलं की १९९६ च्या कायद्याने कंपनीला बॉक्सचा खर्च सगळ्या विभागाचा किंवा अख्ख्या कंपनीचा एकत्र करून दाखवायची मुभा दिलीय, त्यामुळे तुमच्या गावचे जुने बॉक्स आणि दुसरीकडचे नवे बॉक्स एकाच पातेल्यात. चूक नाही, कायदेशीर आहे. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. गावाने दर तपासायचा आणि आकडा मात्र गावाचा नाही, मग तपासायचं काय?

दुसरी गोष्ट मात्र हाताला लागली. फॉर्म १२४० मध्ये बाहेरच्या, म्हणजे कंपनीच्या हातात नसलेल्या, खर्चात पब्लिक अ‍ॅक्सेस चॅनेलचा खर्च धरलेला होता. हे चॅनेल आम्हाला जवळचे, कारण मराठी मंडळाच्या गणपतीचं रेकॉर्डिंग तिथेच लागायचं, मंडळातले एक काका कॅमेरा चालवायला शिकून आले होते तिथे, फुकट. तर फॉर्ममध्ये तो खर्च दिसला आणि मला आठवलं की आपल्या बिलावर तर याची वेगळी ओळ आहे. बिल काढून बघितलं, होती. म्हणजे तोच खर्च एकदा बिलात वेगळा आणि एकदा बेसिकच्या दरात मिसळून, दोनदा. कन्सल्टंटला हे दिसलं नव्हतं आणि त्याचा दोष नाही, तो दुसऱ्या शहरात बसतो, त्याच्यासमोर फॉर्म होता, बिल नव्हतं. बिल गावातल्या माणसाकडे असतं. गावातल्या माणसाने सुनावणीला का जायचं याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

सुनावणी संध्याकाळी होती. कॅलिफोर्नियात ब्राउन अ‍ॅक्ट म्हणून १९५३ चा कायदा आहे, काउन्सिलच्या नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो आणि कुणालाही बोलायची संधी द्यावीच लागते. दाराशी एक कार्ड भरून दिलं, कुठल्या विषयावर बोलायचंय ते, आणि बसलो. मला वाटलं होतं पाच-सहा लोक असतील, पण हॉल बऱ्यापैकी भरलेला. आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळे वरच्या पॅकेजवरच चिडलेले. एक गृहस्थ उठून म्हणाले स्पोर्ट्सचे चॅनेल मला नकोतच, मी पैसे का भरू, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेयरबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या की मार्चपासून त्यावर कुणाचंच नियंत्रण नाही, ना आमचं ना एफसीसीचं, आम्ही फक्त बेसिक आणि उपकरणांवर ठरवू शकतो. लोकांना ते ऐकवत नव्हतं, आणि का ऐकवावं, बिल तर एकच येतं घरी, त्यातली ही ओळ सिटीची, ती ओळ कुणाचीच नाही, हे सामान्य माणसाने कसं समजून घ्यायचं.

मग एक वयस्कर बाई बोलायला आल्या. त्यांच्याकडे फक्त बेसिक. नवरा गेलेला, सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी पेन्शनवर, घर चालतं, टेकडीच्या कुशीत अपार्टमेंट, अँटेना चालत नाही. त्या म्हणाल्या की माझ्यासाठी हे करमणूक नाही, भूकंप झाला तर काय करायचं ते मला इथेच कळतं. बे एरियात १९८९ च्या भूकंपाला तेव्हा दहाच वर्षं झाली होती, हॉलमध्ये एकदम शांतता. मी मनात म्हटलं की बेसिकचा दर म्हणजे फक्त काही सेंटचा प्रश्न असं जे कंपनीचे लोक म्हणत होते त्याचं उत्तर या बाईंनी दिलं. बेसिकवर कोण असतं बघा ना, म्हातारे, भाडेकरू, नुकतेच आलेले आपल्यासारखे लोक. आणि वरचं पॅकेज घ्यायचं तरी बेसिक घ्यावंच लागतं, त्यामुळे तो दर प्रत्येक घराला लागतो.

माझा नंबर आला. तीन मिनिटं, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. माझं इंग्लिश तेव्हा ऑफिसपुरतं चांगलं होतं पण असं माइकसमोर नाही, म्हणून लिहून नेलं होतं. मी एवढंच सांगितलं की फॉर्मच्या या पानावर हा खर्च आहे, माझ्या बिलावर तोच खर्च वेगळा आहे, दोन्ही कागद मी क्लार्ककडे देतोय, कंपनीने हे दोनदा का लावलं ते विचारा. दिवा लाल व्हायच्या आत संपलं. कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले की आम्ही बघून कळवू. सिटी अ‍ॅटर्नीने लगेच आठवण करून दिली की दर योग्य आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे, गावावर नाही. हे वाक्य मला फार आवडलं, अजून लक्षात आहे.

त्या रात्री काही निर्णय झाला नाही. पुष्कळांना वाटतं सिटी नाही म्हणाली की वाढ थांबते, तसं नसतं. कंपनी दरवाढीच्या ९० दिवस आधी फॉर्म द्यायची, तेवढ्यात सिटीचा निर्णय झाला नाही तर दर लागू व्हायचा, पण सिटी नंतर चूक दाखवून पैसे परत करायला लावू शकत होती. तसंच झालं. वाढीव बिल आलं, आम्ही भरलं. मधल्या काळात सिटीने कंपनीला प्रश्न पाठवले, उत्तरं आली, अर्धवट होती म्हणून पुन्हा पाठवले. चॅनेलवाल्यांशी झालेले करार गुप्त आहेत म्हणून ते दाखवायला कंपनीने बरेच आढेवेढे घेतले. मी अधूनमधून फायनान्समधल्या बाईंना फोन करायचो, त्या बिचाऱ्या एकट्या, केबल हे त्यांच्या कामातलं एक कोपऱ्यातलं काम, पण कधी कंटाळून बोलल्या नाहीत. शेवटी काउन्सिलने लेखी रेट ऑर्डर काढली. दोनदा धरलेला खर्च वजा, कनेक्शनच्या सरासरी तासांचा पुरावा दिला नाही म्हणून तो चार्जही कमी, आणि जास्त घेतलेले पैसे बिलातून परत. कंपनीला ३० दिवसात एफसीसीकडे अपील करता आलं असतं, केलं नाही.

आमच्या घरी जे क्रेडिट आलं ते एका पिझ्झाचंही नव्हतं. पण ते गावातल्या प्रत्येक केबलवाल्या घरी आलं, त्या बाईंच्या घरीही.

वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. सांगलीला तेव्हा केबलवाला म्हणजे गल्लीतलाच मुलगा, तो म्हणेल तो दर, क्रिकेटची मॅच असली की वाढवून मागायचा, पावती क्वचित. वडिलांनी विचारलं, नगरसेवकांनी कंपनीला कागद मागितले? आणि कंपनीने दिले? त्यांना तेच मोठं वाटलं. आपल्याकडे १९९५ चा केबल कायदा होता पण दरावर बोलायचा अधिकार महापालिकेला कधी मिळालाच नाही. जिल्हाधिकारी कार्यालय करमणूक कर गोळा करायचं तेवढंच, दर घराला किती घ्यायचा ते कुणी बघायचं नाही. २००४ च्या जानेवारीत केबल ट्रायकडे, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाकडे, गेली आणि तेव्हापासून सगळं दिल्लीहून. २०१९ मध्ये नवीन पद्धत आली, १०० चॅनेलला १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, वर आवडीच्या चॅनेलचे वेगळे, ते आईला मीच फोनवर अर्धा तास समजावत होतो. २०२४ मध्ये काढून टाकेपर्यंत देशभर एक कमाल दर होता हेही काही कमी नव्हतं, पण सांगलीच्या माणसाने आपलं बिल घेऊन सांगलीतच कुणासमोर उभं राहावं अशी जागा त्यात नाही.

इकडे पुढे काय झालं ते थोडक्यात. मी नंतर काही वर्षं गावच्या केबल समितीवर होतो, फुकटचं काम, पण दरवर्षी फॉर्म यायचे आणि आम्ही बघायचो. मग २००६ मध्ये कॅलिफोर्नियाने नवीन कायदा केला आणि फ्रँचाइज द्यायचा अधिकार सिटीकडून काढून राज्याच्या युटिलिटीज कमिशनकडे दिला, सांगितलं की फोन कंपन्या टीव्हीत उतरतील, स्पर्धा वाढेल. ५ टक्के हिस्सा सिटीला मिळत राहिला पण वाटाघाटीची ताकद गेली. आणि २०१५ च्या जूनमध्ये एफसीसीने उरलेलंही उलटं केलं. स्पर्धा नसेल तिथेच गावाला दरावर बोलता येतं, आणि तोपर्यंत असं धरलं जायचं की गावात स्पर्धा नाही, आहे हे कंपनीने सिद्ध करावं. आता धरायचं की डिश वगैरे असल्यामुळे स्पर्धा आहेच, नाही हे गावाने सिद्ध करावं, आणि त्यासाठी ९० दिवसांची मुदत. कसोटी काय, तर गावातल्या निम्म्या घरांना दुसरी सेवा मिळू शकत असेल आणि १५ टक्क्यांहून जास्त घरांनी केबल सोडून दुसरीकडे कनेक्शन घेतलं असेल तर झाली स्पर्धा. ज्या अपार्टमेंटला दक्षिणेकडे आकाशच दिसत नाही, डिश लावता येत नाही, तिथल्या माणसाला या टक्केवारीचा काय उपयोग? मला या निर्णयाचा राग येतो आणि तो कमी होत नाही. पुरावा द्यायची जबाबदारी एका बाजूवरून उचलून दुसऱ्या बाजूवर ठेवली की लहान गाव हरतंच, कारण त्याच्याकडे वकील आणि आकडे दोन्ही नसतात.

आता बिलावर ब्रॉडकास्ट टीव्ही फी म्हणून एक वेगळी ओळ असते, म्हणजे जी लोकल स्टेशनं पूर्वी बेसिकच्या दरातच यायची आणि ज्यांचा खर्च आम्ही फॉर्मवर तपासायचो, त्याचे पैसे आता बाजूला काढून लावतात आणि ती फी कुठल्याही काउन्सिलसमोर जात नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एफसीसीने एवढा नियम केला की जाहिरातीत आणि बिलात व्हिडिओ सेवेची एकूण किंमत एकत्र दाखवा. दाखवा एवढंच, कमी करा नाही.

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या मराठी काकू, मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, बिल घेऊन माझ्याकडे आल्या कारण त्यांना कुणीतरी सांगितलं की याला केबलचं कळतं. टेक्निशियन ठरल्या वेळी आला नाही आणि बंद केलेल्या बॉक्सचं भाडं चालूच आहे, अशा दोन तक्रारी. त्या मी सिटीकडे लिहायला लावल्या, कारण ग्राहकसेवेचे नियम पाळले जातात की नाही हे बघायचा अधिकार कॅलिफोर्नियात अजून सिटीकडे आहे, आणि बॉक्सचे पैसे त्यांना परत मिळाले. मग त्यांनी ब्रॉडकास्ट फीवर बोट ठेवून विचारलं, आणि ही जास्त वाटते, ही कुणाला विचारायची? मी म्हटलं काकू, एफसीसीच्या साइटवर तक्रार टाकता येते, कंपनीला तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं, पण ती कमी करा असं सांगायचा अधिकार आता कुणाकडेच नाही. त्या म्हणाल्या, तरी टाकू या. टाकली.